पैशाचे सोंग
(ऑनलाईन भूमिका-खेळात नवख्यांना मिळणाऱ्या सल्ल्यांचे परीक्षण)

सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. संगणकावरचे भूमिका-खेळ पाहिले की ही म्हण मागे घ्यावी लागते. तिथे पैशाचेच सोंग सर्वांत आधी आणले जाते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कराडमधील एका परिचित घरी आम्ही ओळीने तीन संध्याकाळी बसलो होतो. घरातला दहावीचा मुलगा अशा एका खेळात नुकताच दाखल झाला होता आणि बारावीतला त्याचा चुलतभाऊ शेजारी बसून त्याला शिकवीत होता. ‘दादा, आता काय करू?’ असे धाकट्याने विचारायचे आणि थोरल्याने सल्ला द्यायचा. आम्ही वही काढून ते सल्ले उतरवून घेतले. तिसऱ्या दिवशी मोजले तेव्हा चौदा भरले. पुढे सांगली, पलूस आणि वाई येथील विद्यार्थ्यांशी बोलताना थोड्याफार फरकाने हेच सल्ले पुन्हा कानांवर आले. पाठ्यपुस्तकाचे आपण परीक्षण करतो, मग इतक्या मुलांना पाठ असलेल्या या तोंडी पुस्तकाचे का करू नये, असे वाटले. आपल्यापैकी बहुतेक शिक्षकांनी हा खेळ पाहिलेला नसतो. वर्गात त्याविषयी बोलणे निघाले की ‘वेळेचा अपव्यय’ एवढे म्हणून विषय मिटवला जातो, आणि मुलांना सल्ला देण्याचे काम चुलतभावाकडे राहते.

आधी हा खेळ काय आहे ते पाहू. एक काल्पनिक शहर असते. त्यात एकाच वेळी शंभर-दोनशे माणसे आपापल्या घरून संगणकावर हजर असतात. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे: कुणी पोलीस, कुणी डॉक्टर, कुणी गॅरेजवाला, कुणी चोर. बोलणे मायक्रोफोनवरून, त्या पात्राच्या तोंडून. कथा आधी लिहिलेली नसते. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. ज्या मध्यवर्ती संगणकावर हे शहर ‘राहते’ त्याला सर्व्हर म्हणतात. कोण कुठे उभा आहे, कुणाच्या खिशात किती पैसे आहेत, कुणाच्या गाडीत किती पेट्रोल उरले आहे, याची शेवटची नोंद त्याच्याकडे. आपल्या पडद्यावर दिसते ती त्या नोंदीची नक्कल.

अशा खेळांचा वंश तसा जुना आहे. १९७४ मध्ये अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून खेळायचा भूमिका-खेळ निघाला. १९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी ‘मड’ नावाचे, नुसत्या अक्षरांत वर्णन केलेले जग संगणकावर उभे केले आणि त्यात अनेकांना एकदम शिरता येऊ लागले. आमच्या समोरची मुले खेळत होती ते शहर ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ या २०१३ साली आलेल्या खेळावर, ‘फाईव्हएम’ नावाच्या प्रणालीच्या आधाराने उभे केलेले होते. ही प्रणाली बाहेरच्या हौशी मंडळींनी तयार केली होती. तिच्यामागचा गट मूळ खेळाच्या कंपनीने २०२३ मध्ये आपल्यात सामावून घेतला.

आता चौदा सल्ले. त्यांतले दोन यंत्राविषयी होते, आणि ते चांगले होते. त्यातला एक असा: ‘जवळचा सर्व्हर बघ, लांबचा घेतलास तर तू दार उघडेपर्यंत समोरचा आत जाऊन बसलेला असतो.’ का, ते थोरल्याला सांगता आले नाही, पण नववीच्या विद्यार्थ्यालाही ते काढता येईल. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर सिंगापूरला असेल तर अंतर ढोबळमानाने ४००० किलोमीटर. म्हणजे जाण्यास २० आणि येण्यास २०, असे ४० मिलिसेकंद निव्वळ प्रवासातच गेले. केबल सरळ रेषेत नसते आणि वाटेत यंत्रांचे नाके लागतात, म्हणून प्रत्यक्षात वेळ याहून जास्तच लागतो. सर्व्हर मुंबईत असेल तर हाच प्रवास चार मिलिसेकंदांच्या आसपास. कितीही महागडा संगणक घेतला तरी प्रकाशाला घाई करता येत नाही. ‘नेट स्लो आहे’ या एका वाक्यात मुले दोन वेगळ्या गोष्टी कोंबतात, पाईपची रुंदी आणि पाईपची लांबी. त्यांतली दुसरी या सल्ल्याने निदान डोळ्यांसमोर तरी येते.

एक सल्ला ‘नियम वाच’ असा होता. तो देऊन थोरला लगेच पुढे सरकला. आपणही प्रयोगशाळेत असेच करतो.

उरलेल्या अकरांपैकी नऊ सल्ले पैशांचे निघाले. पहिले आठ दिवस ट्रक चालव, मासे पकडून विक, हॉटेलात वायफळ खर्च करू नको, आधी गाडी घे लेका, मग लोकांशी बोल, मोठ्या टोळीत शीर, ते सगळे देतात, अशा चालीवरचे. हे सल्ले खोटे नाहीत. ते पाळणाऱ्याजवळ महिन्याभरात गाडी आणि बंगला नक्की येईल. आमची हरकत वेगळी आहे. या शहरातला पैसा सर्व्हर निर्माण करतो. ट्रकची एक खेप पोचली की रक्कम शून्यातून उमटते. दंड, दुरुस्ती, पेट्रोल यांतून ती नाहीशी होते. एका बाजूला नळ, दुसऱ्या बाजूला मोरी. नळ मोरीहून मोठा सुटला की शहरात पैसा साचतो आणि जी गाडी काल हप्त्याभराच्या खेपांत येत होती तिला उद्या पंधरवडा लागतो. सगळ्याच नवख्यांनी ट्रक चालवून साठवण्याचा सल्ला मानला, तर एकेकट्याला उपयोगी पडणारा हा सल्ला सगळ्यांना मिळून निरुपयोगी ठरतो. शिवाय सगळेच ट्रकमध्ये बसले तर चौकात बोलायला कोण उरले? तिसऱ्या संध्याकाळी आम्ही तेच पाहिले. धाकटा पावणेदोन तास एकटा ट्रक हाकीत होता. शंभरभर माणसांच्या शहरात त्याने त्या वेळात कुणाशीही एक वाक्य बोललेले नव्हते. त्याला ‘कसा चाललाय खेळ?’ असे विचारल्यावर ‘मस्त, चाळीस हजार झाले’ असे उत्तर आले.

‘मड’चे एक कर्ते बार्टल यांनी १९९६ मध्ये एका निबंधात अशा जगात येणाऱ्या खेळाडूंची पत्त्यांच्या चार रंगांत विभागणी केली. चौकट म्हणजे मिळवणारे, इस्पिक म्हणजे शोध घेत हिंडणारे, बदाम म्हणजे माणसांसाठी येणारे आणि किलवर म्हणजे दुसऱ्याला त्रास देण्यात रमणारे. माणसे इतकी नीट चार ढिगांत पडतात असे आम्हाला वाटत नाही, पण सल्ले तपासायला हे पत्ते सोयीचे आहेत. आमच्या वहीतले नऊच्या नऊ सल्ले चौकटचे होते. भूमिका-खेळ हा तर मुळात बदामचा डाव आहे.

पात्र निवडण्याचा भाग आला तेव्हा ही गरिबी फारच जाणवली. धाकट्याने मुंबईतल्या टोळीतला माणूस घेतला होता. त्याचे मुंबईचे ज्ञान चित्रपटांतले. तो हिंदी बोलत होता, कारण ‘मराठीत कुणाला कळणार?’ असा थोरल्याचा हिशेब. वास्तविक नवख्या खेळाडूला शोभेल असे पात्र आपल्या सांगली जिल्ह्यात घरोघर सापडते. विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातून पिढ्यानुपिढ्या तरुण सोन्याचांदीच्या गलाई कामासाठी देशभरच्या शहरांत गेले. अनोळखी शहर, न कळणारी भाषा, हातात पैसा नाही, गावाकडच्या कुणाच्या तरी दुकानात आधी राबायचे आणि पाहून पाहून काम शिकायचे. नव्या शहरात उतरलेल्या खेळाडूची नेमकी हीच अवस्था असते. असे पात्र घेणाऱ्याला ‘मला इथले काही ठाऊक नाही’ हे वेगळे सोंग आणावेच लागत नाही. तो प्रश्न विचारतो आणि प्रश्न विचारताच समोरच्याला बोलायला काही मिळते.

राहिले दोन सल्ले. थोरल्याने ते सगळ्यांत शेवटी, उठता उठता सांगितले, आणि आमच्या मते साऱ्या वहीत मोलाचे तेवढेच. पहिला: तुझ्या पात्राला जे ठाऊक नाही ते तू वापरायचे नाहीस. मित्राने फोनवर सांगितले की पोलीस अमुक पुलाखाली दबा धरून बसले आहेत, तरी तुझ्या पात्राला ते कळलेले नाही, तेव्हा त्याने पुलावरूनच जायचे. दुसरा: समोरच्यावर कृती लादायची नाही. ‘मी तुला बांधले’ असे म्हणायचे नाही. बांधू पाहायचे आणि त्याला सुटण्याची संधी ठेवायची.

हे वाचून सांगलीकरांना काही आठवायला हवे. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. त्या नाटकांत सूत्रधार पदे गाऊन कथा पुढे नेई. पात्रांची गद्य भाषणे मात्र लिहिलेली नसत, ज्याने त्याने ती आयत्या वेळी रचायची. आता विचार करा. जनकाचे सोंग घेतलेल्या नटाला राम धनुष्य उचलणार हे ठाऊक असते; समोर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते; फक्त जनकाला ते ठाऊक असता कामा नये. ते त्याच्या आवाजात उतरले की स्वयंवर संपलेच. आपल्याकडे सांगितल्या जाणाऱ्या स्वयंवराच्या कथेत रावण धनुष्याखाली चिरडला जातो. ते सोंग घेणाऱ्याजवळ सर्वांसमक्ष फजित होण्याची तयारी लागते. ती नसेल तर रामाला करण्यासारखे काही उरतच नाही. या पौराणिक नाटकांना लोकांनी पुढे ‘अललडुर्र’ असे नाव ठेवले, ते त्यांतल्या राक्षसांच्या आरोळ्यांवरून. आल्या आल्या बंदूक झाडीत सुटणारा नवखा खेळाडू पाहिला की आम्हाला तोच शब्द आठवतो. मात्र राक्षसाचे काम करणाऱ्यालाही कुठे पडायचे ते माहीत असे. ही तुलना फार ताणू नये. नटासमोर प्रेक्षक असतो, त्याला ठरल्या वेळी थांबावे लागते; खेळाडूला खेळाडूच प्रेक्षक. पण आपले ज्ञान आणि पात्राचे ज्ञान यांत भिंत घालण्याचे अवघड काम दोघांचेही तेच आहे.

याला जोडून एक नियम बहुतेक सर्व्हरवर असतो: पात्राने जिवाला जपले पाहिजे. कुणी पिस्तूल रोखले तर हात वर करायचे. थोरल्याने तो सांगितला नव्हता. तो का हवा, याचे उदाहरण दुसऱ्या एका खेळात घडले आहे. सप्टेंबर २००५ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळात एका राक्षसाशी लढताना होणारा संसर्ग, चुकीमुळे, पाळीव प्राण्यांमार्फत त्या जगातल्या शहरांत पोचला. दुबळी पात्रे भराभर मरू लागली. कंपनीने विलगीकरण करून पाहिले, ते फसले, आणि शेवटी सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करावे लागले. काही खेळाडू आजाऱ्यांना बरे करायला धावले, काही पळाले आणि संसर्ग पुढे घेऊन गेले, काहींनी तो मुद्दाम पसरवला. एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन या संशोधकांनी २००७ मध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’मध्ये या प्रसंगावर लेख लिहून साथीच्या अभ्यासाला अशा जगांचा उपयोग होईल का याची चर्चा केली. त्यावर घेतला जाणारा आक्षेपही वजनदार आहे. जिथे मेलेला माणूस पुन्हा उठतो तिथले धाडस खऱ्या माणसाचे मानता येत नाही. जिवाला जपण्याचा नियम हे अंतर थोडे तरी कमी करतो.

वहीत नसलेल्या सल्ल्यांविषयीही लिहायला हवे. ज्या खेळावर हे शहर उभे आहे त्याचे युरोपातील मानांकन १८ वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे. हे दहावीच्या मुलाला कुणी सांगितले नव्हते. आम्ही तरी ते कुठे सांगितले? तिसऱ्या संध्याकाळी, वही भरल्यावर, घरातल्या मोठ्यांजवळ बोललो. ते पहिल्या दिवशीच बोलायला हवे होते. दुसरी गोष्ट खऱ्या पैशांची. सर्व्हरचे भाडे भरण्यासाठी चालक वर्गणी मागतात, इथवर ठीक. पण वर्गणीच्या बदल्यात खेळातली मोटार किंवा रांगेतली पुढची जागा मिळू लागली की वडीलधाऱ्यांच्या फोनवरून रक्कम जाते आणि नऊ सल्ल्यांचा कसही जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. त्याच्या भरवशावर पालकांनी इथे निश्चिंत राहू नये.

तिसरी गोष्ट उठण्याची. या खेळाला शेवटचा अंक नाही. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ठराव करून संध्याकाळी सातला भोंगा वाजवण्यास सुरुवात केली. त्यानंतर दीड तास घराघरांतला दूरदर्शन संच आणि मोबाईल बंद. करोनाच्या काळात शाळाच मोबाईलमध्ये गेली होती आणि मुले तिथून बाहेर येईनात, हे त्यामागचे कारण. या उपायाचे आम्हाला कौतुक आहे, तरी भोंगा बाहेरून वाजतो. ‘हा प्रसंग संपला की उठायचे’ असे बसण्याआधी ठरवणे हा नवख्याला देण्याजोगा पहिला सल्ला ठरावा.

या खेळातले जे दोन सल्ले आम्हाला मोलाचे वाटले ते संगणकाशिवाय वर्गात वापरता येतील का, हे कृष्णाकाठच्या एका शाळेत नववीच्या वर्गावर करून पाहिले. विषय घेतला पुराचा. कोयना आणि कृष्णा दोन्ही महाबळेश्वरच्या डोंगरातून निघतात, सातारा जिल्ह्यातच कराडला भेटतात आणि पाणी सांगलीकडे येते. कोयना धरणाची क्षमता सुमारे १०५ टीएमसी. फळ्यावर आधी हिशेब करून घेतला: १ लाख क्युसेकने चोवीस तास पाणी वाहिले तर ८.६४ टीएमसी होते. मग सहा पात्रे वाटली. धरणावरचे अभियंता, कराडला नदीची पातळी वाचणारा, सांगलीच्या आयर्विन पुलावर पातळी वाचणारी, जिल्हाधिकारी, हरिपूरला हळदीचे पेव असणारे व्यापारी आणि नदीकाठचे दूध उत्पादक. प्रत्येकाला एक चिठ्ठी. आपल्या चिठ्ठीत आहे तेवढेच आपल्याला ठाऊक. निरोप पाठवायचा तर एका मुलाने तो चालत नेऊन द्यायचा. पाच मिनिटे म्हणजे तीन तास. आयर्विन पुलावर ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, एवढे मात्र सर्वांना माहीत.

पहिल्याच पाच मिनिटांत दूध उत्पादक झालेल्या मुलाने म्हशी सोडल्या आणि गाव सोडले. पातळी तेव्हा ३१ फूट होती. वर्गात गलका झाला, ‘सर, हा फसवतोय, ह्याला कसं कळलं?’ मुलगा म्हणाला, ‘२०१९ ला पाणी आलंच होतं की.’ मग जो वाद झाला त्यासाठी आम्ही उरलेला तास देऊन टाकला. २०१९ ची आठवण ही मुलाची की पात्राची? नदीकाठच्या दूध उत्पादकाला तो पूर आठवणारच, म्हणजे हे चोरून मिळवलेले ज्ञान नव्हे, असे निम्म्या वर्गाचे म्हणणे पडले. पण आठवण म्हणजे खबर नव्हे, धरणातून किती पाणी सुटले हे त्याला कळलेले नव्हते, असे बाकीचे म्हणाले. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या मुलीने सांगितले की तिच्या आजोबांनी २००५ च्या पुराची खूण भिंतीवर ठेवली होती आणि २०१९ मध्ये सामान त्या खुणेच्या वर ठेवून ते निर्धास्त राहिले. २०१९ मध्ये आयर्विन पुलावर पाणी ५७ फुटांच्या वर गेले. खूण बुडाली.

दुसऱ्या फेरीत हळदीचे व्यापारी झालेल्या मुलीने जिल्हाधिकाऱ्यांना तीन निरोप धाडले आणि तिन्ही वाटेतच राहिले, कारण निरोप्या एकच होता आणि तो कराडला गेला होता. तिची पेवे भरली. ती रागावली, पण ‘मला माहीत होतं’ असे एकदाही म्हणाली नाही. हरण्याची एवढी तयारी आम्हाला अपेक्षित नव्हती.

शिक्षकांसाठी दोन सूचना. चिठ्ठ्या लिहिताना आकडे त्या त्या वर्षीच्या वृत्तपत्रांतून मुलांनाच काढू द्यावेत, आणि निरोप्याचे काम वर्गातल्या सर्वांत बोलक्या मुलाला देऊ नये. खाली कर्नाटकातल्या अलमट्टीचे पात्र आम्ही अजून घातलेले नाही. ते घालायचे तर निरोप दोन भाषांतून जायला हवा, असे मुलांनीच सुचवले. घरी कन्नड बोलणाऱ्या एका मुलीने ती भूमिका आतापासून मागून घेतली आहे.